घरांना गोधडी : हूड रिव्हरची गोष्ट

१९८३च्या जुलैत अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या एका सार्वजनिक वीजसंस्थेने २.२५ अब्ज डॉलरचे कर्जरोखे बुडवले. अशा स्थानिक सरकारी रोख्यांच्या इतिहासातलं तोवरचं हे सर्वांत मोठं दिवाळं. संस्थेचं नाव वॉशिंग्टन पब्लिक पॉवर सप्लाय सिस्टिम. आद्याक्षरं जुळवून लोक तिला 'व्हूप्स' म्हणत, म्हणजे आपलं 'अरेच्चा!'. तिने पाच अणुवीजकेंद्रं बांधायला घेतली आणि पूर्ण झालं एक. अर्धवट राहिलेल्या केंद्रांचं कर्जही त्या भागातल्या ग्राहकांच्या बिलात येऊन बसलं. ज्यांना दाभोळ आठवतं त्यांना यातलं फारसं काही समजावून सांगायला नको.

वॉशिंग्टनला लागूनच, कोलंबिया नदीच्या अल्याड ऑरेगन राज्य. तिथे हूड रिव्हर नावाच्या चिमुकल्या परगण्यात त्याच वर्षी एक प्रयोग सुरू झाला. लोकवस्ती पंधरा-सोळा हजार, नासपती आणि सफरचंदांच्या बागा, आणि घळईतून वाहणारा बेफाम वारा. प्रश्न साधा होता : नवं वीजकेंद्र बांधण्याऐवजी तेवढी वीज जुन्या घरांच्या भिंतींमधून 'विकत' घेता येईल का?

आधी हे सांगायला हवं की ती घरं एवढी गळकी का होती. त्याचं उत्तर नदीत आहे. हूड रिव्हरच्या खालच्या अंगाला बॉनविल धरण १९३८मध्ये वीज देऊ लागलं आणि मग कोलंबियावर धरणांची रांग लागली. वीज विकणाऱ्या केंद्र सरकारच्या बॉनविल पॉवर अ‍ॅडमिनिस्ट्रेशनने १९४१मध्ये वुडी गथ्री या लोकगायकाला महिनाभर पगारी नेमून धरणांच्या कौतुकाची गाणी लिहून घेतली होती. (सरकारी खात्याने केलेल्या खर्चांपैकी हा मला सर्वांत सार्थकी लागलेला वाटतो.) वीज इतकी स्वस्त, की घर तापवायला सर्रास विजेचे हीटर आले आणि लाकडी चौकटींच्या पोकळ भिंतींत काही भरायची गरज कुणाला वाटली नाही. तापवलेली हवा छतातून, फटींतून, एकेरी काचांतून निघून जायची, आणि जाऊ दे म्हणण्याइतकी ती स्वस्त होती.

अणुकेंद्रांच्या खर्चाने ती स्वस्ताई संपली. डिसेंबर १९८०मध्ये काँग्रेसने या प्रदेशासाठी वीज कायदा केला. त्यात वाचवलेल्या विजेलाही वीजपुरवठ्याचाच एक स्रोत मानलं गेलं आणि इतर स्रोतांशी तुलना करताना तिला दहा टक्क्यांची सवलत दिली. कागदावर हे छान होतं. पण वीजकंपन्यांचे अभियंते विचारत : धरणाचं दार उघडलं की वीज येते, लोकांची दारं उघडतील याची हमी काय? पर्यावरणवाद्यांच्या 'नॅचरल रिसोर्सेस डिफेन्स काउन्सिल'ने आव्हान दिलं, की एकच गाव घ्या आणि सगळंच्या सगळं करून पाहा. पैसे बॉनविलचे, सुमारे २ कोटी डॉलर. काम पॅसिफिक पॉवर कंपनीचं.

अनुदानाचा हिशेब असा : पहिल्या वर्षी जितके युनिट वाचतील असा अंदाज, तितक्या युनिटांमागे १ डॉलर १५ सेंटपर्यंत. हा आकडा मुद्दामच मोठा ठेवला होता. बहुतेक घरांना खिशातून काहीच घालावं लागलं नाही. माळ्यावर फूटभराहून जाड थर, जमिनीखालच्या पोकळीत वेगळा थर, खिडक्यांना तिहेरी काचा, फटींत लांबी. सबंध घराला गोधडी पांघरायची, एखादा कोपरा उघडा ठेवायचा नाही. १९८५ संपेपर्यंत पात्र घरांपैकी सुमारे ८५ टक्के घरांत काम झालं होतं, जवळजवळ ३,००० घरांत. जाहिरातींपेक्षा शेजाऱ्याने शेजाऱ्याला सांगितलं, तेच जास्त चाललं. घरमालकाला पदरचं काही घालायचं नसल्यामुळे भाडेकरूंची घरंही सुटली नाहीत.

आणि बचत? अपेक्षेच्या निम्म्याहून कमी. ओक रिज प्रयोगशाळेच्या एरिक हर्स्ट यांनी केलेल्या मूल्यमापनात ती घरामागे वर्षाला सरासरी २,६०० युनिटच्या आसपास भरली.

या आकड्यामुळे हूड रिव्हरला 'फसलेला प्रयोग' म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. अंदाज बांधला होता तो घर नीट तापवणाऱ्या कुटुंबांचा. प्रत्यक्षात दर वाढल्यावर लोकांनी आधीच वीज आवरली होती. शेगडीत लाकूड घालत होते, काही खोल्या बंदच ठेवत होते. जी वीज वापरलीच जात नव्हती ती वाचणार कशी? गोधडी आल्यावर कुणी लाकूड कमी जाळलं, कुणी थोडी जास्त ऊब घेतली. मीटरवर यातलं काहीच उमटत नाही. वीजकंपनीच्या दृष्टीने ही तूट खरीच होती. तिने पैसे युनिटांसाठी मोजले होते. पण गरीब घराने आधी कुडकुडत केलेली काटकसर त्या घराच्या नावावर कुठेच जमा झाली नाही, आणि नंतर मिळालेली ऊब मात्र 'न झालेली बचत' म्हणून मांडली गेली. हिशेबाची ही पद्धत मला मूल्यमापनातल्या कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त खटकते.

पुढे अनुदानं बदलत गेली. ऑरेगनने १९९९च्या कायद्याने मोठ्या खासगी वीजकंपन्यांच्या बिलावर ३ टक्के अधिभार लावला आणि त्यातून २००२मध्ये 'एनर्जी ट्रस्ट ऑफ ऑरेगन' ही संस्था कामाला लागली. तिच्याकडून माळ्याच्या किंवा भिंतीच्या थरासाठी मिळणारी सवलत चौरस फुटावर मोजली जाते. केंद्राची ३० टक्के करसवलत होती, तीही २०२५च्या अखेरीस संपली. सवलत म्हणजे खर्चाचा एक भाग. उरलेला भाग घरमालकाचा. भाडेकरूच्या घरात थर घालायचा तर खर्च मालकाने करायचा आणि बिल कमी व्हायचं ते भाडेकरूचं, त्यामुळे अर्ज बहुधा भरलाच जात नाही.