हृदयपरीक्षा : पूर्ववृत्त आणि शारीरिक तपासणी

लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालयात (आताच्या विद्यापीठात) 1911 पासून अध्यापन चालू आहे. आज तिथे लारी हृदयरोग केंद्र आहे, तरी निदानाची सुरुवात प्रश्नांनीच व्हायला हवी : जिना चढताना धाप लागते का, रात्री उशा वाढवाव्या लागतात का, लहानपणी ताप येऊन सांधे सुजले होते का? रुग्णाला डाव्या कुशीवर वळवून स्टेथोस्कोपची घंटी हृदयाग्रावर अलगद टेकवली, की संधिज्वराने अरुंद झालेल्या द्विदल झडपेची खर्जातली घरघर ऐकू येते. घंटी दाबली तर घरघर हरवते. सौम्य विकार कानाला निसटतात, इको ते दाखवतो, हा आक्षेप खरा आहे. पण इको कोणाचा आणि कशासाठी करायचा, हे यंत्र ठरवत नाही. श्रमाने छाती आवळते आणि थांबल्यावर मोकळी होते, हे रुग्णच सांगतो. विश्रांतीच्या वेळी काढलेला त्याचा ईसीजी पुष्कळदा निर्दोष असतो.