दहा वर्षं इंग्रजी शिकूनही बोलता का येत नाही? इंग्रजीचा तास कसा आखतात, समजून घ्या

महाराष्ट्रात मराठी शाळांमध्येही 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं. त्याआधी ते पाचवीला सुरू व्हायचं. म्हणजे आज दहावी झालेल्या मुलाच्या पदरी दहा वर्षांचं इंग्रजी असतं. तरीही कॉलेजच्या पहिल्या दिवशी साधा प्रश्न विचारताना तो अडखळतो. दोष बऱ्याचदा मुलाचा नसतो, तासाच्या आखणीचा असतो.

‘आज तिसरा धडा संपवायचा’ हे नियोजन नव्हे. तास संपल्यावर मुलाला काय करता आलं पाहिजे, तिथून आखणी सुरू होते.

नागपूरचंच उदाहरण घेऊ. मेट्रोच्या ऑरेंज आणि ॲक्वा या दोन मार्गिका सीताबर्डीला एकमेकींना मिळतात. आठवीच्या तासाचं उद्दिष्ट ठरलं: खापरीहून प्रजापतीनगरला कसं जायचं, हे इंग्रजीत विचारता आणि सांगता यावं. जोडीतल्या एकाकडे नकाशा, दुसऱ्याकडे फक्त प्रश्न. त्यामुळे बोलल्याशिवाय गत्यंतरच नाही. पाठ केलेल्या संवादात उत्तर दोघांनाही आधीच ठाऊक असतं, मग बोलायचं कशाला?

मुलं कुठे अडकतील, हेही आधीच हेरावं लागतं. ‘गाडी कुठे जाते?’ याचं मुलं सरळ ‘व्हेअर द ट्रेन गोज?’ करतात. इंग्रजीत मध्ये ‘डज’ येतं आणि ‘गोज’चं ‘गो’ होतं. नागपुरात घरी मराठी आणि बाहेर हिंदी बोलणाऱ्या मुलाला हिंदीचाही इथे उपयोग नाही, कारण तिथेही प्रश्न करताना नवं क्रियापद घालावं लागत नाही. म्हणून नकाशा हाती देण्याआधी पाच-सात मिनिटं फक्त या ‘डज’साठी राखायची. व्याकरणाचा बाकी पसारा त्या दिवशी नको.

नकाशे आणि वेळापत्रकं वापरून इंग्रजी शिकवण्याचा मोठा प्रयोग भारतातच झाला. एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात दक्षिण भारतातल्या शाळांमध्ये तो केला. काम करता करता भाषा येते, ही त्यामागची भूमिका.

वर्षाचा अभ्यासक्रम आखताना हाच ‘डज’ पुन्हा भेटला पाहिजे: पंधरा दिवसांनी दुकानात, दोन महिन्यांनी मुलाखतीत. एकदा शिकवलेलं मुलं विसरणारच. आणि परीक्षा फक्त लेखी असेल, तर नकाशाचा तास सगळ्यात आधी कापला जातो.