डकोटा ‘व्हीपी ९०५’ : क्रमांक एकाचा, सांगाडा दुसऱ्याचा

१/१२
२७ ऑक्टोबर १९४७. श्रीनगरच्या धावपट्टीवर भारतीय वायुदलाचे एक डकोटा विमान उतरले. त्यात पहिल्या शीख पलटणीचे जवान होते. त्यांचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय त्याच दिवशी धारातीर्थी पडले. विमानाच्या अंगावर क्रमांक होता व्हीपी ९०५. हाच क्रमांक धारण करणारे एक डकोटा २०१८ पासून पुन्हा भारतीय वायुदलात आहे. मात्र श्रीनगरला उतरलेले विमान ते नव्हे. मग ते कोणते, आणि आले कोठून?

२/१२
आधी डकोटाविषयी. अमेरिकेच्या डग्लस कंपनीचे डीसी-३ हे प्रवासी विमान १७ डिसेंबर १९३५ रोजी प्रथम उडाले. दुसऱ्या महायुद्धात त्याची लष्करी आवृत्ती दहा हजारांहून अधिक संख्येने तयार झाली. ब्रिटिशांनी तिला ‘डकोटा’ हे नाव दिले. दोन इंजिने, प्रत्येकाची ताकद सुमारे १,२०० अश्वशक्ती, पंखांचा विस्तार सुमारे २९ मीटर. सांगाडा धातूचा आणि साध्या, ओबडधोबड धावपट्टीवरही उतरण्याची क्षमता.

३/१२
युद्ध संपल्यावर अतिरिक्त ठरलेली डकोटा विमाने स्वस्तात विकली गेली आणि भारतातील हवाई कंपन्या त्यांच्यावर उभ्या राहिल्या. २९ जुलै १९४६ रोजी टाटा एअरलाइन्सची ‘एअर इंडिया’ झाली, त्या काळात देशांतर्गत वाहतुकीचा मोठा भार डकोटावर होता. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेच्या आत ती आपापल्या शहरांकडे परतत. देशाच्या मध्यभागी असण्याचा नागपूरला झालेला हा एक विस्मृत लाभ.

४/१२
मराठी लष्करी इतिहासाशीही या विमानाचे नाते आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण छत्रीधारी बनली आणि पुढे पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण म्हणून ओळखली जाऊ लागली. ११ डिसेंबर १९७१ रोजी याच पलटणीने पूर्व पाकिस्तानातील टांगाईलजवळ आकाशातून उडी घेतली. तिला वाहून नेणाऱ्या विमानांत नव्या, मोठ्या विमानांबरोबर जुनी डकोटाही होती. श्रीनगरच्या घटनेला तेव्हा २४ वर्षे उलटली होती.

५/१२
मग ही सारी विमाने गेली कोठे? १९८० च्या दशकात वायुदलाने डकोटाला निरोप दिला. निवृत्त विमानाचे भवितव्य बहुधा ठरलेले असते : उपयोगी सुटे भाग काढून घ्यायचे आणि उरलेले ॲल्युमिनियम वजनावर विकायचे. किल्ल्याचा बुरूज ढासळला तरी जोते उरते. विमान मोडीत निघाले की जमिनीवर काहीच उरत नाही. ते उरते फक्त कागदात.

६/१२
युरोपात चित्र थोडे वेगळे आहे. तेथे जुन्या विमानांचे छांदिष्ट, संग्रहालये आणि दुरुस्ती कार्यशाळा यांची मोठी परंपरा आहे. याचे उत्तम उदाहरण म्हणजे डी हॅविलँड कंपनीचे ‘ड्रॅगन रॅपिड’ हे हलके द्विइंजिनी विमान. १९३४ मध्ये प्रथम उडालेले, लाकडी सांगाड्याचे, कापडाने मढवलेले, सुमारे २०० अश्वशक्तीच्या दोन इंजिनांचे. एकूण सातशेहून अधिक तयार झाली. लाकूड कुजते, सरस सुटतो, कापड विरते. तरीही काही रॅपिड विमाने आजही उडतात. इंग्लंडमधील डक्सफर्ड येथे त्यांतून प्रवाशांना फेरी मारता येते.

७/१२
रॅपिडपैकी सर्वांत वादग्रस्त विमान माद्रिदच्या हवाई संग्रहालयात आहे. जुलै १९३६ मध्ये लंडनजवळच्या क्रॉयडन येथून ते निघाले आणि कॅनरी बेटांवरून जनरल फ्रँको यांना स्पॅनिश मोरोक्कोत घेऊन गेले. स्पेनचे यादवी युद्ध पेटले ते याच दिवसांत. या विमानाची ब्रिटिश नोंदणी होती जी-एसीवायआर. येथे क्रमांक, सांगाडा आणि घटना ही तिन्ही एकाच वस्तूत सापडतात. असा योग दुर्मीळ असतो.

८/१२
जुन्या विमानाचा माग काढणारे म्हणूनच रंगावर किंवा अंगावरच्या अक्षरांवर विसंबत नाहीत. मालक बदलला की नोंदणी बदलते, देश बदलला की पुन्हा बदलते, रंग तर कधीही बदलतो. कारखान्यात दिलेला बांधणी क्रमांक मात्र जन्मभर सोबत राहतो. त्याला धरून नोंदवह्या, विक्रीचे कागद आणि छायाचित्रे जुळवत मागे जायचे. आपल्याकडे ताम्रपटाचा अस्सलपणा ठरवताना लिपी, मिती आणि वंशावळ तपासतात, रीत तीच.

९/१२
आता मूळ प्रश्नाकडे. तत्कालीन खासदार राजीव चंद्रशेखर यांचे वडील एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर हे वायुदलातील डकोटाचे वैमानिक. त्यांच्या सन्मानार्थ पुत्राने एक जुने डकोटा मिळवले आणि ब्रिटनमध्ये दुरुस्त करवून वायुदलाला देऊ केले. २०११ मध्ये ते आयर्लंडमध्ये भंगारावस्थेत सापडले, असे या भेटीच्या वृत्तांतांत सांगितले गेले. आधी ही भेट स्वीकारली गेली नाही. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना होकार मिळाला. विमानाला नाव दिले ‘परशुराम’ आणि क्रमांक व्हीपी ९०५.

१०/१२
१७ एप्रिल २०१८ रोजी ‘परशुराम’ने ब्रिटन सोडले. फ्रान्स, इटली, ग्रीस, जॉर्डन, सौदी अरेबिया, बहारीन आणि ओमान असे टप्पे घेत ते जामनगरला पोहोचले. ४ मे रोजी दिल्लीजवळच्या हिंडन तळावर त्याचे औपचारिक स्वागत झाले. १९४० च्या दशकातले विमान सत्तरी ओलांडल्यावर, स्वतःच्या इंजिनांच्या बळावर, युरोपातून भारतात आले. जे विमान पेटीत बंद करून आणता आले असते ते उडत आले, याचे मोल मोठे आहे.

११/१२
पण बांधणी क्रमांकाचा धागा धरून मागे गेले, की वेगळेच चरित्र उलगडते. हे विमान १९४४ च्या सुमाराचे, ब्रिटिश रॉयल एअर फोर्समधील केएन ३९७. युद्धानंतर ते जी-एएमएसव्ही या ब्रिटिश नागरी नोंदणीने अनेक दशके उडत राहिले. कॉव्हेंट्रीच्या एका कंपनीकडे असताना समुद्रात सांडलेल्या तेलावर फवारणी करण्यासाठी ते सज्ज ठेवलेले असे. श्रीनगरशी या सांगाड्याचा संबंध नाही. त्याचे स्वतःचे आयुष्यही काही कमी रंजक नव्हते. नव्या रंगाखाली ते झाकले गेले, इतकेच.

१२/१२
यात कोणी फसवणूक केली असे नाही. एका वीरकृत्याच्या स्मरणार्थ दुसऱ्या विमानाला तो क्रमांक देणे ही वायुसंग्रहांतील रूढ प्रथा आहे. धोका पुढे असतो. बातमीतला ‘स्मरणार्थ’ हा शब्द एक दिवस गळतो, मग फलकावरून गळतो, आणि वीस वर्षांनी ‘श्रीनगरला उतरलेले विमान हेच’ असे वाक्य पाठ्यपुस्तकात शिरते. २०२४ मध्ये लंडनहून साताऱ्यात आलेल्या वाघनखांबाबतही महाराष्ट्राने हाच पेच अनुभवला : प्रतापगडावर वापरलेली वाघनखे हीच, याची खातरजमा होऊ शकलेली नाही, असे खुद्द व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय सांगते. वस्तूपुढे हात जोडण्यास त्यामुळे कोणाची आडकाठी नाही. अवशेष आणि स्मारक या दोन गोष्टी वेगळ्या आहेत एवढेच भान हवे. ‘परशुराम’ हे उत्तम स्मारक आहे. शेजारच्या फलकावर केएन ३९७ आणि जी-एएमएसव्ही ही त्याची दोन जुनी नावेही लिहिली गेली, तर ते प्रामाणिक स्मारक होईल. आणि १९४७ च्या त्या सकाळी श्रीनगरला उतरलेल्या विमानाला त्याचा क्रमांक त्याच्या स्वतःच्या नावावर परत मिळेल.