वनराज भाटिया : स्वरलिपीतील रचना आणि पडद्यावरील संगीत

प्रस्तावना
पाश्चात्त्य अभिजात संगीताची सभागृहे मुंबईत. कसारा घाटाच्या माथ्यावरील इगतपुरीसारख्या गावापर्यंत त्यांतील स्वर सहसा पोहोचत नाहीत. १९८८ मध्ये मात्र दूरदर्शनवर ‘तमस’ आणि ‘भारत एक खोज’ या मालिका प्रसारित झाल्या आणि त्या परंपरेत शिकलेल्या एका संगीतकाराची रचना गावोगावच्या घरांत ऐकू आली. ते संगीतकार म्हणजे वनराज भाटिया (१९२७-२०२१). मैफलीसाठी संगीत लिहिण्याचे शिक्षण घेतलेल्या भाटियांना श्रोते पडद्याने का मिळवून दिले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जडणघडण
३१ मे १९२७ रोजी मुंबईतील कच्छी कुटुंबात भाटियांचा जन्म झाला. प्रा. बी. आर. देवधर यांच्या संगीत विद्यालयात त्यांनी हिंदुस्थानी संगीताचे शिक्षण घेतले. देवधर हे विष्णु दिगंबर पलुस्कर यांचे शिष्य व कुमार गंधर्वांचे गुरू होत. किशोरवयात चायकोव्हस्कीचा पियानो कंचेर्टो ऐकून भाटिया पाश्चात्त्य संगीताकडे वळले. एल्फिन्स्टन महाविद्यालयातील शिक्षणानंतर त्यांनी लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये आणि पुढे पॅरिस येथे नादिया बूलांजे यांच्याकडे १९५९ पर्यंत रचनाशास्त्राचा अभ्यास केला.

श्रोत्यांचा प्रश्न
मायदेशी परतल्यावर १९६० ते १९६५ या काळात त्यांनी दिल्ली विद्यापीठात पाश्चात्त्य संगीतशास्त्र शिकविले. परंतु रचनेच्या मार्गात मूलभूत अडचण होती. रागसंगीतात कलावंत बंदिशीचा विस्तार स्वतःच्या प्रतिभेने करतो. पाश्चात्त्य पद्धतीत रचनाकार प्रत्येक वाद्याचा भाग लिहून काढतो. ती स्वरलिपी वाचून एकत्र वाजविणारे वादक नसतील, तर रचना कागदावरच राहते. मुंबईत एनसीपीए येथे सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाला तो २००६ मध्ये. तेव्हा भाटिया ऐंशीच्या उंबरठ्यावर होते.

मधल्या काळात जाहिरातींनी त्यांना चरितार्थ दिला. त्यांनी रचलेल्या जाहिरात-धुनांची संख्या सात हजारांहून अधिक सांगितली जाते. श्याम बेनेगल यांच्या ‘अंकुर’ (१९७४) पासून त्यांचे चित्रपटकार्य सुरू झाले. हंसा वाडकर यांच्या आत्मकथनावर आधारित ‘भूमिका’ (१९७७) मध्ये त्यांनी जुन्या काळच्या चित्रपटसंगीताचा बाज उभा केला. ‘तमस’साठी त्यांना राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार मिळाला. ‘भारत एक खोज’च्या शीर्षकसंगीतात ऋग्वेदातील नासदीय सूक्त समूहस्वरांत योजलेले आहे. प्राचीन ऋचा आणि पाश्चात्त्य समूहगायनाची घडण यांचा हा मेळ त्यांच्या दुहेरी शिक्षणाचे फलित मानता येतो.

उत्तरकाळ
मैफलीसाठीचे लेखन त्यांनी सोडले नाही. गिरीश कर्नाड यांच्या नाटकावरील ‘अग्निवर्षा’ या संगीतिकेचे पहिले दोन अंक २०१२ मध्ये न्यूयॉर्क येथे सादर झाले. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री लाभली. मात्र अखेरच्या वर्षांतील त्यांच्या आर्थिक विवंचनेच्या वार्ता २०१९ मध्ये वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाल्या. ७ मे २०२१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

समारोप
पडद्याने भाटियांना श्रोते दिले. पण तेथील संगीत दृश्याच्या गरजेनुसार लिहावे लागते. ज्या रचना त्यांनी कोणत्याही दृश्याविना लिहिल्या, त्यांना वादक व सभागृह हवे. म्हणूनच त्यांच्या कार्याचे मूल्यमापन केवळ चित्रपटांच्या यादीवरून करणे अपुरे ठरते. त्या रचना पुन्हा वाजविल्या जाणे, हेच त्यांच्या मूल्यमापनाचे पहिले साधन होय.