माहीम

माहीम : मुंबई ज्या सात बेटांच्या जोडणीने घडली त्यांपैकी एक बेट, व आता बृहन्मुंबईतील एक जुनी, दाट वस्ती. पश्चिमेस माहीमचा उपसागर, उत्तरेस मिठी नदी जिच्यात उतरते ती खाडी आणि खाडीपलीकडे साष्टीतील वांद्रे, अशा सीमा असलेले हे बेट दक्षिणेकडे पूर्वी थेट दादरपर्यंत पसरलेले होते. दादरचा भाग 'खालचे माहीम' म्हणूनच ओळखला जाई. वि. का. राजवाडे यांनी १९२४ साली प्रसिद्ध केलेल्या 'महिकावतीच्या बखरी'त बिंब राजघराण्याची जी राजधानी वर्णिली आहे ती हीच, अशी मुंबईकरांची परंपरागत समजूत आहे. पालघरकडील केळवे-माहीमही त्याच मानावर हक्क सांगते, आणि हा वाद निकाली निघाला असे अद्याप म्हणवत नाही.

या गावाचा स्वभाव राजधानीपेक्षा नाक्याचाच अधिक आहे. गुजरातच्या सुलतानांकडून १५३४ च्या तहाने हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला. पोर्तुगीज राजकन्या व इंग्रज राजा यांच्या १६६१ च्या विवाहतहात मुंबई इंग्रजांना आंदण मिळाली, तेव्हा माहीम त्यात मोडतच नाही असा पोर्तुगीजांनी हेका धरला, आणि १६६५ मध्ये इंग्रज अधिकारी हंफ्री कुक याने ते परभारे ताब्यात घेऊन तो प्रश्न आपल्यापुरता सोडवून टाकला. तेव्हापासून १७७४ साली इंग्रजांनी साष्टी घेईपर्यंत ही चिंचोळी खाडी दोन राज्यांची सरहद्द होती : पलीकडे १७३९ पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल, त्यानंतर मराठ्यांचा, अलीकडे इंग्रजांचा किल्ला, जकातीची चौकी आणि तरीचा धक्का. १६८९-९० मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाने मुंबईवर स्वारी केली तेव्हा हा किल्ला काही काळ त्याच्या ताब्यात राहिला.

बेटावरील गाव म्हटले की ग्रीसच्या इजियन समुद्रातील, बंदरापासून टेकडीवर पायरी-पायरीने चढत गेलेली पांढरीशुभ्र घरे वाचकाच्या डोळ्यांपुढे येतात. माहीमला टेकडी नाही आणि चुन्याची शुभ्रताही नाही. तेथे पावसाचा थेंब दुर्मीळ, म्हणून तो साठविण्यासाठी सपाट धाबी; येथे चार महिने पावसाची झोड, म्हणून ते पाणी झटकून टाकणारी उतरती कौलारू छपरे आणि भिंतीला ओल लागू न देणाऱ्या लांब वळचणी. तेथे घरे एकमेकांना खेटून वाऱ्यापासून बचाव करतात, तर येथील जुनी घरे वाऱ्याला वाट मिळावी म्हणून नारळांच्या आगरांत सुटी-सुटी वसलेली होती. रेताड जमिनीवरचे हे माडांचे दाट बन, त्यांवर चढून माडी काढणारे भंडारी आणि किनाऱ्याला मासळी सुकविणारे कोळी, हेच जुन्या माहीमचे मूळ रूप होय. आगरे गेली तरी त्यांच्या हद्दी 'वाडी' या नावाखाली टिकून राहिल्या. आजही एखाद्या गल्लीचे अकारण वाटणारे वळण हे बहुधा जुन्या आगराच्या कुंपणाचेच वळण असते.

घराची रचना साधी : पुढे ओटा, मग पडवी, आत माजघर, मागील दारी विहीर. कोळीवाड्यात ओट्यालाच खरे महत्त्व; जाळी दुरुस्त करणे, मासळी निवडणे, सुनेला चार गोष्टी सुनावणे, ही सारी कामे तेथेच उरकतात. ख्रिस्ती वस्तीत बाहेरून चढणारा लाकडी जिना आणि कोरीव कठड्याची गॅलरी यांची भर पडली, आणि गल्लीच्या तोंडाशी क्रूस उभे राहिले. जमीन एकाची व वरची इमारत दुसऱ्याची, अशी जी फजेंदारी धारणापद्धती मुंबई बेटावर रूढ झाली, तिनेही या वाड्यांचे आयुष्य वाढविले. दोन मालकांचे एकमत होईपर्यंत घर पडत नाही.

माहीमची दैवते पाहिली म्हणजे गावाची मिश्र घडण लक्षात येते. मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१) हे कुराणावर 'तब्सीरुर्रहमान' हे भाष्य लिहिणारे प्रकांड पंडित; त्यांच्या दर्ग्यावर डिसेंबरात दहा दिवस भरणाऱ्या जत्रेत पहिल्या चादरीचा मान मुंबई पोलिसांकडे असतो. सेंट मायकेलचे चर्च १५३४ मध्ये फ्रान्सिस्कन पंथीयांनी स्थापिले असे मानतात. १७३९ च्या धामधुमीत वांद्र्याच्या डोंगरावरील मेरी मातेची मूर्ती येथेच आश्रयाला आली होती, अशी परंपरा आहे. आजची इमारत १९७३ ची असून, प्राचीनतेच्या अपेक्षेने येणाऱ्याचा तेथे हिरमोड होतो; गर्दी मात्र १९४८ पासून दर बुधवारी चाललेल्या नोव्हेना या प्रार्थनाविधीची. शीतलादेवीचे देवालयही फार दूर नाही.

खाडी ओलांडण्याच्या हालांना अंत आला तो १८४५ साली. सरकारने हात आखडता घेतला असता लेडी जमशेटजी जीजीभाई यांनी, लोकांकडून पथकर घेऊ नये या अटीवर, दीड लाखाहून अधिक रुपये दिले व माहीम-वांद्रे सेतुमार्ग उभा राहिला. नाक्याचे गाव त्या दिवसापासून वाटेवरचे गाव झाले. पुढे १९२५ मध्ये दक्षिणेकडील मोकळी जागा 'माहीम पार्क' म्हणून खुली झाली. दोन वर्षांनी तिला शिवाजी पार्क हे नाव मिळाले, आणि भोवती गोलाकार सज्जांच्या इमारतींची नवी मध्यमवर्गीय वसाहत उभी राहिली, जी स्वतःला माहीमकर म्हणवून घेण्यास आता फारशी राजी नसते.

माहीमचा हलवा सर्वश्रुत आहे : शिजवून आटविलेला गोळा लाटून पापुद्र्याएवढा पातळ करतात, वर वेलदोडा व बदाम-पिस्त्यांचे काप दाबतात, चौकोनी वड्या पाडतात आणि दोन वड्यांमध्ये कागद घालून त्या रचतात.

किल्ल्याची दशा शोचनीय आहे. समुद्राने तटाचे दगड सुटे केले आणि आत दीर्घकाळ झोपड्यांची वस्ती होती. ती अलीकडे महापालिकेने हलविली. पाहू इच्छिणाऱ्याने ओहोटीची वेळ साधून रेतीबंदराच्या बाजूने जावे. बुधवारी मात्र चर्चच्या रस्त्याने वाहन नेण्याच्या भानगडीत पडू नये.