त्यांना कुणी विचारलं होतं का?

आजच्या भागात आपण साउथहॅम्प्टनच्या कडेला असलेल्या एका टेकडीपासून सुरुवात करू. टॉटनच्या पुढे, एम२७ मोटरवेजवळ, कॅलमोर गावाला लागून ही टेकडी आहे. तिचं नाव टॅचबरी माउंट. लोहयुगात इथे तटबंदी होती, म्हणजे जागा तशी फार जुनी. तुमच्यापैकी कितीतरी जण न्यू फॉरेस्टला जाताना तिच्या जवळून गेले असतील. विसाव्या शतकात या टेकडीवर शेकडो माणसं वर्षानुवर्षं राहिली. त्या काळी त्यांना ‘मनाने अधू’ म्हणत. तिथे राहायचं आहे का, हे त्यांच्यापैकी बहुतेकांना कुणी विचारलं नव्हतं.

पुढे जाण्याआधी एका शब्दाचा घोळ मिटवू. भारतात ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ म्हटलं की आपल्याला डिस्लेक्सिया आठवतो, वाचायला-लिहायला अडचण येणारं मूल. इंग्लंडमध्ये हाच शब्द बौद्धिक दिव्यांग व्यक्तींसाठी वापरतात, ज्यांना आपल्याकडे पूर्वी सर्रास ‘मतिमंद’ म्हणायचे. डॉक्टरांकडे किंवा कौन्सिलमध्ये हा शब्द ऐकलात, तर तो या अर्थाने घ्या.

आता १९१३ सालात जाऊ. त्या वर्षी ब्रिटिश संसदेने ‘मेंटल डेफिशियन्सी अ‍ॅक्ट’ मंजूर केला. कायद्याने माणसांचे चार वर्ग पाडले. त्यांची नावं ‘इडियट’ आणि ‘इम्बेसाइल’ अशी होती, आज शिव्या वाटतात ते शब्द तेव्हा सरकारी कागदावर होते. आई-वडिलांचा अर्ज, डॉक्टरांचे दाखले किंवा मॅजिस्ट्रेटचा हुकूम, एवढ्यावर माणूस घर सोडून ‘कॉलनी’त जायचा. कॉलनी म्हणजे गावाबाहेरची मोठी वसाहत, जिचं शेत, धुलाईघर, कामाच्या शेड सगळं आतच. साउथहॅम्प्टनच्या पश्चिमेला टॅचबरी माउंट होतं, तर पूर्वेला फेअरमच्या वाटेवर सॅरिसबरी ग्रीनला कोल्डईस्ट. १९४८ मध्ये एनएचएस आलं आणि कॉलन्यांची हॉस्पिटलं झाली. पाटी बदलली, पण माणसं त्याच वॉर्डात राहिली. आजारी नसलेला माणूस आयुष्यभर हॉस्पिटलात राहतो यात काही वावगं आहे, असं फार थोड्यांना वाटत होतं.

त्या थोड्यांपैकी एक याच भागातले. अल्बर्ट कुशलिक हे दक्षिण आफ्रिकेतून आलेले डॉक्टर १९६० च्या दशकात वेसेक्स रीजनल हॉस्पिटल बोर्डासाठी काम करू लागले. साउथहॅम्प्टन, विंचेस्टर, पोर्ट्समथ हा सगळा पट्टा त्या बोर्डाखाली होता. त्यांनी आधी मोजणी केली: या भागात अशी माणसं किती, ती राहतात कुठे, त्यांना नेमकी कशाची मदत लागते? खायला, चालायला, कपडे घालायला कुणाला किती मदत लागते, हे एकेकाचं नोंदवलं. त्यातून दिसलं की हॉस्पिटलात असलेल्या पुष्कळ जणांना हॉस्पिटलची गरजच नव्हती. मग वेसेक्समध्ये एक प्रयोग झाला. शेकडो खाटांऐवजी पंचवीसेक जणांची छोटी घरं, तीही त्या मुलांच्या आपल्याच गावात, नेहमीच्या वस्तीत. घर जवळ आल्यावर आई-वडिलांचं येणं-जाणं वाढलं. ब्रिटनभर हा प्रयोग अभ्यासला गेला. १९७१ च्या सरकारी श्वेतपत्रिकेने मोठी हॉस्पिटलं कमी करून घराजवळच्या सोयी वाढवायचं ठरवलं. त्याच वर्षी बदललेला कायदा लागू झाला आणि तोवर ‘शिकवण्याजोगी नाहीत’ म्हणून बाहेर ठेवलेल्या मुलांनाही शाळेचा हक्क मिळाला.

मंडळी, हे सगळं चांगलंच झालं. पण एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. आधी मॅजिस्ट्रेट ठरवत होता, आता भल्या मनाचे डॉक्टर, अधिकारी आणि आई-वडील ठरवत होते. ज्याच्या आयुष्याबद्दल हे चाललं होतं, तो अजूनही गप्पच होता.

तो बोलू लागला १९७० च्या सुमाराला. स्वीडनमध्ये बौद्धिक दिव्यांग तरुणांनी स्वतःच्या परिषदा घेतल्या. १९७२ मध्ये इंग्लंडमध्ये ‘अवर लाइफ’ नावाची परिषद झाली, तिथे हॉस्पिटलात आणि होस्टेलात राहणाऱ्यांनी आपलं म्हणणं स्वतः मांडलं. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये ‘पीपल फर्स्ट’ ही चळवळ सुरू झाली. नावाचा अर्थ सरळ आहे: आम्ही आधी माणसं आहोत, बाकीचं नंतर. १९८४ मध्ये ती लंडनला पोचली. २००१ च्या ‘व्हॅल्युइंग पीपल’ या श्वेतपत्रिकेत चार शब्द आले: हक्क, स्वावलंबन, निवड आणि समावेश. ती तयार होताना बौद्धिक दिव्यांग व्यक्तींचा सल्लागार गट सोबत होता आणि त्यांनी आपला वेगळा अहवालही दिला.

आता तुम्ही विचाराल, ज्याला बोलताच येत नाही त्याला विचारायचं कसं? या प्रश्नाच्या उत्तरातही साउथहॅम्प्टनचं नाव येतं. मेलनी निंड आणि डेव्ह ह्युएट हे दोघे १९८० च्या दशकात हार्टफर्डशरमधल्या हार्परबरी हॉस्पिटलच्या शाळेत शिकवत होते. तिथली पुष्कळ मुलं एक शब्दही बोलत नसत. या शिक्षकांनी मुलांना आपली भाषा शिकवण्याआधी मुलांची भाषा उचलली. मुलाने टेबलावर थाप मारली की त्यांनी थाप मारायची, त्याने हुंकार दिला की हुंकार द्यायचा, तो थांबला की थांबायचं. बाळाशी आपली आजी हेच करते. हळूहळू मुलांच्या लक्षात यायचं की आपण काही केलं की समोरचा प्रतिसाद देतो. ही पद्धत आज ‘इंटेन्सिव्ह इंटरॅक्शन’ या नावाने जगभर वापरतात. मेलनी निंड पुढे साउथहॅम्प्टन विद्यापीठात प्राध्यापक झाल्या आणि बौद्धिक दिव्यांग व्यक्तींना संशोधनात बरोबरीने कसं घ्यायचं, यावर त्यांनी काम केलं.

कायद्याचं मोठं पाऊल पडलं २००५ मध्ये. ‘मेंटल कपॅसिटी अ‍ॅक्ट’ २००७ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये लागू झाला. परदेशातल्या आपल्या घरांना हा कायदा नीट माहीत असायला हवा, म्हणून थोडं थांबून सांगतो. सोळा वर्षांवरच्या प्रत्येकाला स्वतःचा निर्णय घेता येतो, हेच कायदा आधी गृहीत धरतो. येत नाही असं म्हणणाऱ्याने ते दाखवून द्यायचं. तसं म्हणण्याआधी त्या व्यक्तीला समजावण्याची शक्य ती सगळी मदत करायची: सोपी भाषा, चित्रं, खुणा, पुरेसा वेळ. निर्णय इतरांना शहाणपणाचा वाटला नाही, एवढ्यावरून तो काढून घेता येत नाही. आणि प्रत्येक निर्णय वेगळा पाहायचा. पैशाचा मोठा व्यवहार ज्याला झेपत नाही, त्याला कुठे राहायचं, कुणाबरोबर राहायचं हे पक्कं ठाऊक असू शकतं. एखादा निर्णय त्याला खरोखरच घेता येत नसेल, तर दुसऱ्यांनी त्याच्या हिताचा निर्णय घ्यायचा. तिथेही त्याची इच्छा, त्याच्या आवडीनिवडी आणि त्याला जवळून ओळखणाऱ्या माणसांचं म्हणणं विचारात घ्यावं लागतं.

मूल अठरा वर्षांचं झालं की आई-वडिलांच्या हातात आपोआप कोणताही कायदेशीर अधिकार उरत नाही, हे कळलं की आपल्याकडे अनेकांना धक्का बसतो. ‘आम्ही जन्मदाते, आणि आम्हाला डावलून त्याला विचारतात?’ त्या रागामागे भीती असते, आणि ती खोटी नाही. टॅचबरी माउंटच्याच पत्त्यावर पुढे सदर्न हेल्थ या एनएचएस ट्रस्टचं मुख्यालय झालं. या ट्रस्टच्या ऑक्सफर्डमधल्या युनिटमध्ये ४ जुलै २०१३ रोजी कॉनर स्पॅरोहॉक हा अठरा वर्षांचा मुलगा आंघोळीच्या टबात फिट येऊन बुडाला. त्याला एपिलेप्सी होती आणि आईने कर्मचाऱ्यांना फिटबद्दल सावध केलं होतं. २०१५ मध्ये इन्क्वेस्टच्या ज्यूरीने सांगितलं की त्याच्या मृत्यूला निष्काळजीपणा कारणीभूत होता. त्याच वर्षी आलेल्या मझार्स अहवालात दिसलं की या ट्रस्टकडे बौद्धिक दिव्यांग व्यक्तींचे जे मृत्यू झाले, त्यांतल्या शंभरात एकाचीही धड चौकशी झाली नव्हती. २०१८ मध्ये कोर्टाने कॉनर आणि आणखी एका रुग्णाच्या मृत्यूबद्दल ट्रस्टला वीस लाख पौंड दंड केला. कायद्यात ‘विचारा’ असं लिहिलं म्हणून कुणी ऐकतंच असं नाही. तिथे घरच्यांचा आवाज लागतोच. फक्त तो त्या माणसाच्या बाजूला उभा राहून उठवायचा, त्याच्या जागी बसून नव्हे.

आणि आपण आपल्या मातीतही डोकावू. मुंबईत १९४४ मध्ये जय वकील शाळा सुरू झाली, पुण्यात १९६४ मध्ये सिंधुताई जोशींची कामायनी. या मुलांना शिकवता येतं, काम देता येतं, हे अशा शाळांनी समाजाला दाखवलं. पण त्याच पुण्यात, १९९४ च्या फेब्रुवारीत, शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या काही बौद्धिक दिव्यांग स्त्रियांना ससून रुग्णालयात आणून त्यांची गर्भाशयं काढली गेली. कारण सांगितलं मासिक पाळीच्या स्वच्छतेचं. महिला संघटना आणि आरोग्य क्षेत्रातल्या कार्यकर्त्यांनी ओरड केली, तेव्हा पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. निर्णय घेणारे आपल्याला दयाळूच समजत होते. त्या बायकांचं म्हणणं काय, हे मात्र त्यांना कळायला हवं होतं असं वाटलं नाही. पंधरा वर्षांनी, २००९ मध्ये, चंदीगडच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या स्त्रीचा गर्भपात तिच्या संमतीशिवाय करता येणार नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने भारतातही इतरांइतकीच कायदेशीर क्षमता मान्य केली, आणि पालक नेमायचाच तर मर्यादित, त्या व्यक्तीशी सल्लामसलत करून निर्णय घेणारा.

आता घरातली एक गोष्ट स्पष्टच बोलतो. ‘लग्न झालं की सुधारेल’, ‘आमच्यामागे कुणीतरी बघणारं हवं’, ही वाक्यं आपल्या समाजात नवी नाहीत. इंग्लंड आणि वेल्समध्ये मेंटल कपॅसिटी अ‍ॅक्टप्रमाणे दुसऱ्याच्या वतीने लग्नाला संमती कुणीच देऊ शकत नाही, आई-वडील नाहीत, न्यायाधीशही नाही. आणि २०१४ च्या कायद्यानुसार, लग्न म्हणजे काय हे ज्याला कळत नाही त्याचं लग्न लावून देणं हा गुन्हा आहे. जबरदस्ती केलेली नसली तरी, आणि इथल्या मुलाला भारतात नेऊन लावलं तरीही. आपल्यामागे कोण, ही काळजी खरी आहे. तिचं उत्तर वेगळं शोधावं लागतं: कौन्सिलकडून काळजीचं मूल्यमापन, राहण्याची सोय, आणि गरज असेल तर कोर्ट ऑफ प्रोटेक्शन.

मग या आठवड्यात काय करता येईल? तुमच्या घरात किंवा ओळखीत कुणी असेल, तर चौदा वर्षांनंतर दरवर्षी जीपीकडे आरोग्य तपासणी मिळते, ती घ्या. कौन्सिलच्या मीटिंगला त्याच्या बाजूने बोलणारं घरचं किंवा मित्रांपैकी कुणी नसेल, तर स्वतंत्र अ‍ॅडव्होकेट मागता येतो. मूल घरी मराठीच बोलत असेल, तर त्याची समज इंग्रजीत मोजू देऊ नका, दुभाषा मागा. आणि आज जेवायला बसताना त्याचं ताट वाढून देण्याआधी दोन भाज्या पुढे ठेवा आणि थांबा. तो कुठे बघतो, हात कुठे नेतो, ते पाहा. शंभर वर्षांत कायदा जिथवर येऊन पोचला, ते आपल्याला घरच्या घरी आज सुरू करता येतं.