हेलसिंकीतला अर्धा तास

श्रोतेहो, जुन्नर-आंबेगावकडच्या माणसाला कुस्ती म्हणजे काय, हे सांगायला रेडिओ कशाला हवा! चैत्र लागला की गावोगावच्या यात्रा सुरू होतात. पालखी झाली, छबिना झाला, की दुपारी आखाडा भरतो. हलगी कडाडते. आधी पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग रोख इनामाच्या आणि ऊन कलल्यावर शेवटची मोठी जोड. जुन्या आखाड्यात पंच म्हणजे गावातलेच दोन-चार फेटेवाले वस्ताद. जोड तेच लावायचे, निकालही तेच द्यायचे. पाठ मातीला लागली की चीतपट. नाही लागली तर दिवस मावळेपर्यंत चालू द्यायची आणि मग बरोबरीत सोडवायची. घड्याळ नाही, गुण नाहीत, वजनाचा काटा नाही.

हा न्याय वाईट होता असे मी म्हणत नाही. सारा गाव कडेने बसलेला असताना लबाडी करायची छाती कोणाची? पण मल्ल वेस ओलांडून परमुलखात गेला की हा न्याय काही त्याच्या पाठोपाठ जात नाही. तिथे गावाच्या जागी त्याच्यामागे कोण उभे राहणार? आपल्याकडे कुस्तीची संघटना कशासाठी लागते, हे कळायला एक जुनी हकीकत पुरे आहे.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा दादासाहेब जाधव. १९४८ साली ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले, कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीवर. तोवर त्यांची सारी कुस्ती मातीतली. तिथे गादीवर उभे राहायचे, ठरलेल्या वेळात गुण मिळवायचे, हे सगळेच नवे. तरी ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा पैशाचा प्रश्न पुन्हा होताच. गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्याआमच्या व्यवसायातल्या माणसाने काय करावे याचा याहून मोठा दाखला माझ्या तरी पाहण्यात नाही.

जुलै १९५२. खाशाबांनी कॅनडाचा आणि मेक्सिकोचा मल्ल हरवला. पुढे एक कुस्ती जपानच्या शोहाची इशीईशी झाली, लांबली, आणि खाशाबा हरले. अंगातला घाम जिरला नाही तोच त्यांना रशियाच्या ममेदबेकोव्हशी लढायला पुकारले. दोन कुस्त्यांच्या मध्ये निदान अर्धा तास विश्रांती मिळावी असा नियम होता. पण तो नियम पंचांपुढे ठेवायला एकही भारतीय अधिकारी तिथे हजर नव्हता. खाशाबा तसेच उभे राहिले आणि हरले. ब्राँझपदक मिळाले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक. दुसऱ्यासाठी देशाला १९९६ पर्यंत, म्हणजे चव्वेचाळीस वर्षे, थांबावे लागले. कऱ्हाडला बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, ती सर्वांच्या लक्षात राहिली. पण तो अर्धा तास मिळता तर पदकाचा रंग कोणता असता?

आता या इशीईकडे पहा. सोन्याचे पदक त्याला मिळाले. तो मुळात ज्युदोचा गडी. युद्धानंतर जपानात परकी अंमल आला, ज्युदोवर बंदी पडली, म्हणून तो कुस्तीकडे वळला. ज्युदो हीसुद्धा एका शिक्षकाचीच करणी. जपानात जुजुत्सूच्या अनेक जुन्या तालमी होत्या, प्रत्येकीचे डाव वेगळे. कानो जिगोरो यांनी १८८२ साली तोक्योत कोदोकान ही संस्था काढली, घातक डाव सरावातून वगळले, शिकवायचा क्रम बांधला. त्यांच्या परंपरेतले ताकागाकी १९२९ साली रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात येऊन शिकवून गेले. १९६४ साली ज्युदो तोक्योच्या ऑलिंपिकमध्ये आला आणि १९६५ साली भारताचा ज्युदो महासंघ उभा राहिला.

आपल्याकडे हेलसिंकीच्या पुढच्याच वर्षी, १९५३ साली, कुस्तीगीर परिषद स्थापन झाली. पुढाकार मुळशी तालुक्यातल्या मुठा गावच्या मामासाहेब मोहोळ यांचा. काम दिसायला रुक्ष! नोंदी ठेवायच्या, वजनगट पाडायचे, पंच तयार करायचे, जिल्ह्याजिल्ह्यातून निवड करून राज्याचे अधिवेशन भरवायचे. पण याच रुक्ष कामातून १९६१ साल उगवले. महाराष्ट्र राज्य होऊन जेमतेम वर्ष झाले होते. औरंगाबादला 'महाराष्ट्र केसरी'ची पहिली कुस्ती झाली आणि दिनकर दह्यारी हे पहिले केसरी ठरले. आता यात्रेतल्या पोराला नारळ आणि फेट्याच्या पुढे चढायला एक पायरी मिळाली होती. मातीचा विभाग वेगळा, गादीचा वेगळा आणि दोन्हीकडच्या विजेत्यांची शेवटी एकमेकांशी गाठ, ही पुढची रीत मला फार शहाणपणाची वाटते. मातीला कोणी हाकलून दिले नाही. विजेत्याच्या खांद्यावर पुढे मामासाहेबांच्या स्मरणार्थ चांदीची गदाही आली.

एवढे उभारलेले घर भांडणात किती लवकर दुभंगते, तेही आपण पाहिले. २०२२ साली राष्ट्रीय महासंघाने राज्याची परिषद बरखास्त केली आणि वाद न्यायालयात गेला. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याला शिवराज राक्षे केसरी झाला. तो आपल्या शेजारच्या खेड तालुक्यातला. त्याच वर्षी नोव्हेंबरात मात्र दोन ठिकाणी दोन स्पर्धा भरल्या. फुलगावला सिकंदर शेखने शिवराजला हरवून गदा घेतली. थोड्याच दिवसांत धाराशिवला शिवराजनेही गदा घेतली. तिथे अंतिम कुस्तीत त्याच्यासमोर उभा होता २०२० चा केसरी हर्षवर्धन सदगीर, अकोले तालुक्यातला. म्हणजे एक गडी आंबेगावच्या दक्षिणेचा, दुसरा जुन्नरच्या उत्तरेचा. ऐन आपल्या शिवेवरची जोड! आणि निकाल लागल्यावर इथल्या पारावर पैज लागली ती कुस्तीवर नव्हे, दोनांतली खरी गदा कोणती यावर.